बिनपैशाचे चिपळूण



वर्धापनदिनी काही तरी उपयोगाचे बोला, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. उपयोगाचे म्हटल्यावर माझ्यासमोर आधी लोणची-पापडच आले. पण त्यात माझ्यापेक्षा जाणत्या येथे पुष्कळ बसल्या आहेत. म्हणून मी विषय घेतला आहे हिंडण्याचा, आणि तोही पैसा न मोडता हिंडण्याचा.

दरवर्षी आपली सहल निघते. गाडी ठरते, जेवण ठरते, माणशी वर्गणी जाहीर होते, आणि त्याच दिवशी चारपाच जणींच्या घरी एकाएकी पाहुणे येतात. ते पाहुणे कोणते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे; कोणी उघड बोलत नाही इतकेच. त्या चारपाच जणींना घरी ठेवून आपण समुद्र पाहून येतो, हे मला काही बरे वाटत नाही. सहल बंद करा असे माझे म्हणणे नाही. पण पायाखालचे चिपळूण आपण पाहिले आहे का, एवढे विचारते.

वेळ कोठून काढायचा, हा प्रश्न पैशापेक्षा अवघड आहे. घरातून 'देवाला जाऊन येते' म्हटले की कोणी अडवत नाही, 'फिरून येते' म्हटले की दहा प्रश्न. तेव्हा आरंभ देवापासूनच करू. रावतळ्याची विंध्यवासिनी तर घरचीच. नवरात्रात तेथे आपण रांगेत उभ्या राहतो आणि पुढचीच्या अंबाड्याखेरीज काही दिसत नाही. एरवीच्या एखाद्या मंगळवारी दुपारी जा. महिषासुराला मारणारी ती जुनी दगडी मूर्ती निवांत पाहा. शेजारचा कार्तिकेयही पाहा.

परशुरामाला जायला एसटीचे तिकीट लागते, हे कबूल. परंतु 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धेच भाडे आहे, आणि पंचाहत्तरी उलटलेल्यांना तर 2022 सालापासून काहीच नाही. म्हणजे आपल्या आजीबाई आपल्याहून स्वस्तात देवदर्शन करतात! तेथे गाभाऱ्यात काळ, परशुराम आणि काम अशा तीन मूर्ती आहेत. आपण तिघांना एकदम नमस्कार करून प्रसादाकडे वळतो. मागे रेणुकामाईचे देऊळ आहे, तिकडे जरूर जावे. लेकाच्या देवळामागे आई उभी आहे, हे मला फार आवडते. अठराव्या शतकात ब्रह्मेंद्रस्वामी या स्थानी राहिले. पुढे ते घाटावर धावडशीला गेले आणि पेशव्यांचे गुरू म्हणून गाजले. परततेवेळी विसावा पॉइंटवरून खाली पाहिले म्हणजे वाशिष्ठीचे वळण, मधली बेटे आणि शेते एका नजरेत येतात. जवळच्या सवतसड्याला मात्र ऐन पावसात लहान मुले घेऊन पाण्याजवळ जाऊ नये. रस्त्याच्या कडेने पाहावा आणि निघावे.

पावसाळी दुपारी कोठे जावे? वाचनालयात. आपले लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 1864 सालचे आहे. 2013 सालचे साहित्य संमेलन आपल्या गावात भरवले ते याच संस्थेने. दोनदा, 2005 आणि 2021 साली, पुराचे पाणी तेथल्या ग्रंथांत शिरले, आणि दोन्ही वेळा ते पुन्हा उभे राहिले. पुस्तक घरी न्यायचे तर वर्गणी पडेल. पण बसून वर्तमानपत्र वाचायला कोणी पैसे मागत नाही. तेथे पुरुषच बसतात म्हणून आपण जात नाही, आणि आपण जात नाही म्हणून तेथे पुरुषच बसतात. हे कोडे दोघीतिघींनी मिळून एका दुपारी सोडवावे.

आता गोवळकोट. यासाठीच मी मुख्यतः उभी राहिले आहे.

गावापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर हा गोविंदगड आहे. चढ फारसा नाही, गुडघे दुखणाऱ्यांनीही धीराने चढावा असा. वर रेडजाई, तटाचे अवशेष, तोफा, पायथ्याशी करंजेश्वरी. शिमग्यात तिची पालखी शेरणे काढते, म्हणजे जमिनीत पुरलेला नारळ शोधून देते, तो सोहळा पाहायला कोठे तिकीट आहे? खालचा धक्का हे एके काळी चिपळूणचे बंदर. दाभोळहून खाडीने माल आणि माणसे येथे उतरत.

माझ्या शेजारच्या काकू बाजारपेठेत राहतात. 22 जुलै 2021 ला त्यांचा तळमजला बुडाला. जात्यापासून लग्नातल्या शालूपर्यंत सारे चिखलात गेले. त्यानंतर दोन वर्षे त्यांनी नदीकडे पाहिले नाही. पुलावरून जाताना त्या रिक्षात पदर डोळ्यांवर घेत. 'त्या मेलीचे तोंड बघायचे नाही,' म्हणत. त्यांना मी देवीच्या नावाने गोवळकोटला नेले आणि हळूच वर चढवले. किल्ल्याला तिन्ही बाजूंनी वाशिष्ठीचा वेढा आहे. काकू बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी विचारले, "अगं, हे पाणी उलटे का चाललंय?"

भरती चालू होती. समुद्र दाभोळला, पण त्याचे पाणी खाडीने येथवर चढते. मी त्यांना हाताने दाखवले: सह्याद्री तिकडे, कोयनेचे पाणी बोगद्याने डोंगराच्या अलीकडे आणतात, पोफळीला 1962 साली त्यावर वीज होऊ लागली, आणि वीज करून झाली की ते पाणी वाशिष्ठीत येते. म्हणून आपली नदी भर वैशाखातही आटत नाही. गावातून शिवनदी येऊन मिळते ती अलीकडे. वरून अतोनात पाऊस, खालून भरती आणि मधे साचलेला गाळ असे तिन्ही एके वेळी आले म्हणजे पाण्याने जायचे कोठे? ते बाजारपेठेत आले. डिसेंबर 2021 मध्ये गाळ काढावा म्हणून गावाने साखळी उपोषण धरले, ते कशासाठी, हे काकूंना त्या दिवशी कळले. उतरताना त्या म्हणाल्या, "आता पाऊस लागला की मी आधी भरती कधी ते विचारीन."

विचारायचीही गरज नाही. आपल्या कोळणींना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेला हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता समुद्राला भरती पूर्ण. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. अमावास्येलाही पंधराच धरायचे. हा ढोबळ हिशेब झाला. थोडे मागेपुढे होते आणि आपल्याकडे खाडीतून पाणी पोहोचायला आणखी वेळ लागतो. पण एकादशी, चतुर्थी ज्या घरात बायकाच सांभाळतात, त्या घरात भरतीची वेळही बायकांनाच ठाऊक असावी. स्वयंपाकघरातले कॅलेंडर त्याला पुरते.

एक सूचना. नदीत मगरी आहेत. 2024 च्या पावसाळ्यात तर एक मगर चिपळूणच्या रस्त्यावरच फिरताना लोकांनी पाहिली. तेव्हा काठावरून पाहावे, पाण्यात पाय सोडून बसू नये, नातवंडांचा हात धरून ठेवावा.

येत्या मार्गशीर्ष शुद्ध पंचमीला गोवळकोटला जावे, असे मी सुचवते. त्या दिवशी समुद्राला पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती, म्हणजे आपल्याला गडावरून पाणी चढताना दिसेल. गुरुवार आलाच तर पूजा सकाळी उरकून घ्या. दुपारी अडीचला मंडळाच्या दारात जमायचे. वर्गणी नाही. पाणी आणि खाऊ आपापला. आणि ज्यांच्या घरी पाहुणे असतील, त्यांनी पाहुण्यांनाही घेऊन यावे.