यान का ढळले?



शिवाजीनगर स्टेशनात न थांबता एखादी गाडी भोंगा वाजवत निघून गेली, की जवळ येताना त्या भोंग्याचा सूर चढा लागतो आणि पुढे गेल्यावर एकदम उतरतो. डोळे मिटून उभे राहिलात तरी गाडी आली की गेली, हे कानाला कळते. दूरच्या अंतराळयानांचा वेगही असाच ओळखतात. त्यांच्याकडून येणाऱ्या रेडिओलहरींची पट्टी किती चढली, किती उतरली, यावरून.

हे काम आपल्या पुणे जिल्ह्यातही झाले आहे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या संकल्पनेतून उभी राहिलेली, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची. १९ ऑक्टोबर २०१६ ची रात्र, कोजागरी नुकतीच होऊन गेलेली. युरोपचे शियापरेली हे यान मंगळावर उतरत होते आणि त्याचा क्षीण संदेश खोडदला येत होता. पट्टीवरून त्याचा घटता वेग कळत होता. जमिनीला टेकायला मिनिटभरही उरले नसेल, आणि संदेश थांबला.

झाले काय होते? पॅराशूट उघडताना यानाला अपेक्षेपेक्षा जोराचा हेलकावा बसला. गिरकी मोजणारे उपकरण जेमतेम सेकंदभर गोंधळले. त्यावरून यानाच्या संगणकाने हिशेब केला, की आपण जमिनीच्याही खाली आहोत! त्याने पॅराशूट सोडून दिले, अर्ध्या मिनिटाऐवजी तीनच सेकंद इंजिने चालवली, आणि यान सुमारे पावणेचार किलोमीटरांवरून खाली कोसळले. मंगळाचा काही दोष नव्हता. चूक यानाच्या पोटातच होती.

असाच एक जुना पेच अमेरिकेच्या पायोनियर यानांचा. पायोनियर १० निघाले १९७२ साली, पायोनियर ११ त्याच्या पुढच्या वर्षी. गुरू आणि शनी ओलांडून ती दूर गेली, तेव्हा शास्त्रज्ञ जॉन अँडरसन यांच्या लक्षात आले, की यानांच्या संदेशाची पट्टी हिशेबात बसत नाही. कोणीतरी त्यांना सूर्याकडे ओढते आहे. ओढ केवढी? वर्षभरात वेगात सेकंदाला पावणेतीन सेंटिमीटरांचा फरक. मुंगीच्या चालीएवढा! पण तो हटेना.

१९९८ मध्ये हे जाहीर झाले आणि तर्कांना ऊत आला. कोणी म्हणाले, इंधनाचा वायू झिरपत असेल. कोणी धुळीला दोष दिला, कोणी न दिसणाऱ्या कृष्णद्रव्याला. काहींनी तर थेट न्यूटन आणि आइनस्टाइन यांनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. प्रकाशाचा वेग आणि विश्वाच्या प्रसरणाचा दर यांचा गुणाकार या ओढीच्या आकड्याजवळ जातो, याचेही अनेकांना अप्रूप वाटले.

उत्तर सापडले जुन्या नोंदींत. शास्त्रज्ञ स्लाव्हा तुरिशेव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चुंबकीय फितींवरच्या नोंदी शोधून वाचवल्या. त्यांत यानाच्या कोणत्या भागाचे तापमान कधी किती होते, हेही होते. पायोनियरला वीज मिळे ती प्लुटोनियमच्या उष्णतेपासून. यानाची तबकडी पृथ्वीकडे, म्हणजे जवळपास सूर्याकडेच वळलेली, आणि तापलेली यंत्रे तिच्या पाठीमागे. उष्णता सूर्याच्या उलट दिशेला थोडी जास्त जाई. होडीतून काठावर उडी मारली की होडी मागे सरकते ना, तसे यान सूर्याकडे सरके. हा रेटा मिठाच्या एका कणाच्या वजनाहूनही कमी! २०१२ मध्ये त्यांनी हा हिशेब मांडला आणि तो जुळला.

मग नवे तर्क लढवणारे वेडे होते का? मुळीच नाही. मात्र तर्क कितीही मोठा असला, तरी त्याला परीक्षा द्यावी लागते. इथे परीक्षा काळाने घेतली. नोंदी नीट लावल्यावर दिसले, की ही ओढ वर्षागणिक कमी होत गेली आहे. प्लुटोनियम हळूहळू झिजते, अठ्ठ्याऐंशी वर्षांत निम्मे उरते, आणि त्याबरोबर यानाची ऊबही उतरते. गुरुत्वाकर्षण काही चुलीवरच्या पातेल्यासारखे निवत नाही.