फसगतीनंतरची फसगत



पैशाविषयी व्याख्यान आहे असे जाहीर झाले की श्रोते दोन प्रकारचे येतात. काहींना पैसा कसा वाढवावा हे ऐकायचे असते, तर काहींना तो कसा राखावा हे ऐकायचे असते. माझा आजचा विषय या दोहोंच्याही पुढचा आहे. पैसा बुडाल्यानंतर माणूस कसा वागतो, हे मी आपल्यापुढे मांडणार आहे. ठक कसा फसवतो यावर पुष्कळ बोलले जाते. फसलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काय करतो, याकडे मात्र आपले लक्ष नसते. माझे म्हणणे असे आहे की ठकाच्या धंद्याचा निम्मा आधार त्या दुसऱ्या दिवशीच्या वागण्यातच असतो.

यासाठी उदाहरण घेतो ते आभासी चलनाचे. बिटकॉइन हे त्यातले पहिले यशस्वी चलन. ते २००९ साली सुरू झाले. त्याला टांकसाळ नाही आणि मागे सरकारही नाही. जगभरच्या संगणकांवर ठेवलेली एक सामाईक खातेवही आहे, तिच्यात प्रत्येक देवघेव नोंदली जाते आणि एकदा झालेली नोंद सहसा पुसता येत नाही. त्या चलनाच्या गुणदोषांत मी आज शिरत नाही. त्याचे नाव पुढे करून ज्या योजना निघाल्या, त्यांच्याशी आपल्याला कर्तव्य आहे.

अशी एक योजना आपल्या पुण्यापर्यंत येऊन पोचली होती. ‘गेनबिटकॉइन’ हे तिचे नाव. ती २०१५ च्या सुमारास सुरू झाली. तुम्ही आम्हाला बिटकॉइन द्या, आम्ही यंत्रांच्या साहाय्याने नवे बिटकॉइन मिळवू आणि तुम्हाला दरमहा १० टक्के याप्रमाणे १८ महिने परतावा देऊ, असे तिचे आश्वासन होते. म्हणजे शंभराचे एकशे ऐंशी! असे व्याज कोणती पेढी कुठून देईल, हा प्रश्न भाजीवालीच्या चार आण्यांसाठी घासाघीस करणाऱ्या माणसांनीही विचारला नाही. सुरुवातीला परतावा मिळाला. २०१७ साली मात्र तो बिटकॉइनऐवजी ‘एमकॅप’ नावाच्या, कंपनीने स्वतःच काढलेल्या नाण्यात देण्यात येऊ लागला. त्या नाण्याची किंमत बिटकॉइनच्या मानाने फारच थोडी होती. २०१८ च्या एप्रिलात पुणे पोलिसांनी या योजनेचा सूत्रधार म्हणून अमित भारद्वाज यांना दिल्लीच्या विमानतळावर अटक केली. २०२२ च्या जानेवारीत, खटल्याचा निकाल लागण्यापूर्वीच, ते हृदयविकाराने वारले. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने निरनिराळ्या राज्यांतले गुन्हे केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेले आणि २०२५ च्या फेब्रुवारीत त्याने देशभर साठांहून अधिक ठिकाणी झडत्या घेतल्या. ज्यांचे दोष न्यायालयात सिद्ध व्हायचे आहेत त्यांच्याविषयी मला काही म्हणायचे नाही. मला बोलायचे आहे ते ठेवीदाराविषयी.

आता त्या ठेवीदाराच्या जागी क्षणभर स्वतःला ठेवून पाहा. बिटकॉइनऐवजी हे नवे नाणे हातात पडले, त्या दिवशी त्याने काय करायला हवे होते? सरळ पोलीस ठाण्यात जायला हवे होते. पण असे नाणे हाती आले की माणूस मनाशी म्हणतो, ‘आज त्याला किंमत नाही, उद्या येईल.’ ही त्याची पहिली प्रतिक्रिया: तोटा झाला हेच मान्य न करणे. जोवर तो ‘बुडाले’ हा शब्द उच्चारत नाही, तोवर त्याच्या दृष्टीने काही बुडालेले नसते.

याला शास्त्राचा आधार आहे. डॅनियल काहनमन आणि अमोस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली एक सिद्धान्त मांडला. नफ्याच्या बाबतीत माणूस सावध असतो. हातचे सोडून पळत्याच्या पाठीस तो लागत नाही. पण तोटा समोर दिसू लागला की तोच माणूस जुगारी बनतो. निश्चित पाचशेचा तोटा सोसून मोकळे होण्यापेक्षा, हजार जातील किंवा काहीच जाणार नाही अशा पैजेत उडी घेणे त्याला बरे वाटते. बुडीत पैसा वाचवण्यासाठी आणखी पैसा ओतणारा माणूस मूर्ख असतो असे नाही. तो तुमच्या-आमच्यासारखाच असतो, फक्त त्याच्या पायाखालची जमीन सरकलेली असते.

हा स्वभाव आजचा नाही. १९२० साली अमेरिकेत बॉस्टन शहरी चार्ल्स पाँझी नावाच्या गृहस्थाने ४५ दिवसांत ५० टक्के नफ्याचे आमिष दाखवले होते. जुन्यांना द्यायचा पैसा तो नव्यांकडून घेत होता. वर्तमानपत्रांनी शंका काढली तेव्हा त्याच्या कचेरीपुढे गर्दी लोटली. पाँझीने त्या रांगेतल्या लोकांना कॉफी आणि खाऊ वाटला, हसतमुखाने चौकशी केली, आणि कित्येक जण पैसे न काढताच घरी गेले! अवघ्या काही दिवसांत, ऑगस्टमध्ये, त्याला अटक झाली. रांगेतून परतलेल्या त्या माणसांचे पैसे पाँझीने नेले खरे, पण त्याआधी त्यांची शंका त्याने एका कपभर कॉफीत विरघळवली होती.

अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९५२ साली याच विषयावर एक लेख लिहिला. तो सांगतो की मुरलेल्या ठकांच्या टोळीत सावज लुटून झाल्यावरही एक माणूस मागे थांबतो. त्याचे काम एकच, सावजाचे सांत्वन करायचे. ‘असे व्हायचेच, मोठ्या व्यवहारात चढउतार असतातच’ असे म्हणत त्याचा राग थंड करायचा, म्हणजे तो आरडाओरडा करीत नाही. आजच्या योजनांत हे काम आणखी स्वस्तात होते. ‘यंत्रणेची दुरुस्ती चालू आहे’, ‘सरकारी परवानगी येऊ घातली आहे’, ‘धीर धरणाऱ्यालाच फळ मिळेल’, असे निरोप येत राहतात. विशेष म्हणजे ते निरोप पुष्कळदा स्वतः फसलेलीच माणसे एकमेकांना पोचवतात.

दुसरी प्रतिक्रिया रागाची. पण तो राग कोणावर? ‘वनकॉइन’ नावाच्या योजनेकडे पाहा. २०१४ साली बल्गेरियात तिचा जन्म झाला. रुया इग्नातोवा ही विदुषी तिची प्रवर्तक. २०१६ साली लंडनच्या वेम्बली येथे भरगच्च सभेत तिचा जयजयकार झाला. मघाशी सांगितली तशी उघडी खातेवही या चलनाला मुळी नव्हतीच. पण हे दाखवून देणाऱ्यांना अनुयायी ‘द्वेष्टे’ म्हणत. आपल्याकडे नवी मुंबईत २०१७ च्या एप्रिलात या योजनेची सभा चालू असतानाच पोलिसांनी छापा घातला आणि अठरा जणांना अटक केली. त्याच वर्षी ऑक्टोबरात लिस्बनच्या मेळाव्याला बाई आल्याच नाहीत. सोफियाहून अथेन्सला जाणाऱ्या विमानात त्या बसल्या आणि दिसेनाशा झाल्या. २०२२ साली अमेरिकेच्या तपासयंत्रणेने त्यांचे नाव आपल्या दहा प्रमुख फरारींच्या यादीत घातले. त्यांच्या भागीदाराला २०२३ साली वीस वर्षांची शिक्षा झाली. अमेरिकन सरकारपक्षाच्या हिशेबाने ३५ लाखांवर माणसे आणि ४ अब्ज डॉलर यात गुंतले होते. तथापि प्रवर्तक पळाल्यावरही ही योजना लगेच थांबली नाही. ती आणखी काही काळ विकली जात राहिली! आणि राग कोणावर होता? पळून गेलेलीवर थोडा, पण ‘हे खोटे आहे’ असे सांगणाऱ्यावर अधिक. जो आपल्याला जागा करतो, त्याच्यावरच झोपलेला माणूस प्रथम चिडतो.

तिसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. या योजना जाहिरातीने पसरत नाहीत. त्या नात्याने पसरतात. मेव्हण्याने साडूला सांगितलेले असते, शिक्षकाने सहकाऱ्याला, भिशीतल्या एकीने दुसरीला. आणलेल्या प्रत्येक माणसामागे दलाली मिळालेली असते. योजना कोसळते तेव्हा फसलेला माणूस एकाच वेळी फिर्यादीही असतो आणि थोडासा आरोपीही. तक्रार द्यावी तर ज्याने आपल्याला आणले त्याचे नाव द्यावे लागते, आणि आपण ज्यांना आणले ते आपले नाव देतील ही भीती असते. आपलेच दात, आपलेच ओठ! म्हणून तो गप्प बसतो. त्यातले काही याहून वाईट करतात. आपला तोटा भरून निघावा म्हणून ते आणखी एकाला आत ओढतात. दुपारपर्यंत जो बळी होता, तो संध्याकाळी दलाल झालेला असतो.

चौथी प्रतिक्रिया, पैसा स्वतःच्या हाताने वसूल करण्याची. ‘बिटकनेक्ट’ नावाची योजना २०१८ च्या जानेवारीत बंद पडली. तिचा संस्थापक सुरतचा. तीत पैसे बुडाल्यावर तिथल्या एका व्यावसायिकाने योजनेच्या माणसांचे अपहरण करून वसुली केली, असा आरोप झाला. पुढे त्याच व्यावसायिकाला बिटकॉइनसाठी पोलिसांनीच पळवले. त्या गुन्ह्यात २०२५ च्या ऑगस्टात अहमदाबादच्या विशेष न्यायालयाने चौदा जणांना जन्मठेप सुनावली. त्यात एक माजी आमदार आणि एक माजी जिल्हा पोलीस अधीक्षक होते. गेलेल्या पैशाच्या मागे किती लांडगे धावतात, ते यावरून दिसेल. पुण्यातही, गेनबिटकॉइनच्या तपासात साहाय्य करण्यासाठी घेतलेल्या दोघा खासगी तज्ज्ञांना, त्यातली काही नाणी स्वतःकडेच वळवल्याच्या आरोपावरून २०२२ साली अटक झाली.

आणि पाचवी गोष्ट म्हणजे वसुलीवाले. फसलेल्यांची नावे ठकांच्या बाजारात पुन्हा विकली जातात. एके दिवशी दूरध्वनी येतो: ‘आम्ही वकील आहोत, आपले पैसे सापडले आहेत, एवढी फी आगाऊ भरा.’ अशा बनावट वकिली कचेऱ्यांविषयी अमेरिकेच्या त्याच तपासयंत्रणेने २०२४ साली जाहीर इशारा दिला. बुडत्याला काडीचा आधार हे खरे, पण इथे काडी विकणारेही दुसरे बुडवणारेच असतात.

श्रोतेहो, या पाचही प्रतिक्रियांच्या मुळाशी काय आहे? वरवर पाहता लोभ दिसेल. मला तसे वाटत नाही. लोभ पहिल्या फसवणुकीपुरता असतो. त्यानंतर जे काम करते, ते म्हणजे लाज. माणसाला पैसा तर परत हवाच असतो, पण त्याहूनही अधिक त्याला आपला शहाणपणा परत हवा असतो. आपण मूर्ख ठरलो नाही, हे त्याला घरच्यांपुढे सिद्ध करायचे असते. बायकोला न सांगता मोडलेली ठेव, मुलीच्या लग्नाचे बाजूला ठेवलेले पैसे, भविष्यनिर्वाह निधीची रक्कम, यांचा हिशेब देण्यापेक्षा तो एमकॅपची वाट पाहणे पत्करतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण म्हणतो. ठकाला ही म्हण आपल्याहून चांगली ठाऊक असते. आपली मूठ झाकलेली राहावी यावरच तर त्याची पुढची कमाई असते.

यात बिटकॉइनच्या भावाने आणखी मीठ चोळले. २०१६ च्या आरंभी एक बिटकॉइन सव्वाचारशे डॉलरच्या आसपास होता. २०१७ च्या डिसेंबरात तो वीस हजारांच्या उंबरठ्यावर पोचला. ज्याने दोन बिटकॉइन गमावले, तो आपला तोटा दिल्या दिवसाच्या भावाने मोजत नाही, आजच्या भावाने मोजतो. रोज सकाळी भाव पाहायचा आणि रोज नव्याने लुटले जायचे! असा हिशेब माणसाला झोपू देत नाही. माझे त्याला सांगणे एवढेच की न्यायालयातला दावा आजच्या भावाने खुशाल करावा, मनातला हिशेब मात्र दिल्या दिवशीच्या रकमेवर बंद करावा.

मग करावे काय? मी वकील नाही, पण साध्या गोष्टी सांगतो. पहिली, त्याच दिवशी तक्रार करावी. १९३० हा क्रमांक सायबर फसवणुकीसाठीच आहे. बँकेतून गेलेला पैसा वेळीच कळवला तर पुढे अडवता येण्याची शक्यता असते. दुसरी, संदेश, पावत्या, खात्यांचे पत्ते, ज्याने आणले त्याचे नाव, सारे जपून ठेवावे. त्या सामाईक वहीतली नोंद पुसत नाही हे ठकाच्या सोयीचे नाही, आपल्या सोयीचे आहे. तिसरी, एकट्याने न जाता मिळून जावे. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या हितरक्षणाचा कायदा १९९९ पासून आहे, आणि २०१९ पासून अनियंत्रित ठेवयोजनांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदाही आहे. चौथी, पैसे मिळवून देण्यासाठी आधी पैसे मागणाऱ्याला दारात उभे करू नये.

सारे पैसे परत येतील असे खोटे आश्वासन मी देणार नाही. बिटकनेक्टमध्ये २.४ अब्ज डॉलरची फसवणूक झाल्याचे अमेरिकन सरकारचे म्हणणे आहे. २०२३ च्या जानेवारीत तिथल्या न्यायालयाने चाळीस देशांतल्या सुमारे आठशे लोकांना मिळून १ कोटी ७० लाख डॉलर देण्याचा आदेश दिला. समुद्रातला हा तांब्याभर पाणी. पण मूठ उघडणाऱ्यांसाठी तेवढा तरी तांब्या होता. घरात गप्प बसलेल्याच्या हाती तोही येण्याचा मार्ग नसतो.

शेवटी, आपल्यापैकी ज्यांचे काही गेलेले नाही, त्यांच्याशी दोन शब्द. एखाद्या शेजाऱ्याचे पैसे गेले की आपल्या तोंडून पहिले वाक्य निघते, ‘एवढे शिकलेले, तुम्हाला कळायला नको होते?’ हे वाक्य वरकरणी शहाणपणाचे आहे, पण ते ठकाच्या फार उपयोगी पडते. त्याच वाक्याच्या भीतीने दहा जण तक्रार न करता घरी बसतात आणि अकरावा फसतो. त्याऐवजी ‘चला, मी येतो तुमच्याबरोबर पोलीस ठाण्यात’ एवढे जर आपण म्हणू शकलो, तर पैसा येवो वा न येवो, एक माणूस वाचेल. घर, नाते, झोप आणि कधीकधी जीवही वाचेल. गावात इतके झाले तरी ठकाची पुढची सभा भरणे अवघड होईल.