जोडलेल्या सेवा आणि जबाबदारीचा प्रश्न

वेगवेगळ्या मालकीच्या ऑनलाइन व्यापारी सेवा आपोआप जोडून त्यांतून एक सलग व्यवहार उभा करणे, हा या परिषदेचा विषय आहे.

या विषयातील जुना उत्साह विसरता येत नाही. २००० साली ‘यूडीडीआय’ ही सेवांची सार्वजनिक नोंदवही पुढे आली, तेव्हा संगणक स्वतःच योग्य सेवा शोधून वापरेल असे मानले गेले. परंतु २००६ मध्ये मोठ्या कंपन्यांनी आपल्या सार्वजनिक नोंदवह्या बंद केल्या. अनोळखी सेवेचा नुसता पत्ता हाती आला म्हणून तिच्याशी व्यवहार करण्याइतका विश्वास फारसा कोणाला वाटत नव्हता.

भारतात ‘ओएनडीसी’ या जाळ्याने २०२२ पासून अनोळखी सेवा जोडण्याचा हाच प्रश्न नव्याने हाती घेतला असून त्याचा पाया ‘बेकन’ ही खुली संदेश-नियमावली आहे. ग्राहकाने एका ॲपवर पैठणी शोधली की ‘सर्च’ हा संदेश ‘गेटवे’ या मध्यस्थ यंत्रणेमार्फत अनेक विक्रेता-ॲपांकडे जातो, त्यांची उत्तरे ‘ऑन-सर्च’ या नावाने जशी तयार होतील तशी परततात, पुढे ‘सिलेक्ट’, ‘इनिट’ आणि ‘कन्फर्म’ या टप्प्यांनी ऑर्डर पक्की होते आणि पोहोचवण्याचे काम तिसऱ्याच संस्थेकडे जाऊ शकते. प्रत्येक संदेशावर पाठवणाऱ्याची डिजिटल सही असते, त्यामुळे कोण काय बोलले हे नाकारता येत नाही.

खरी कसोटी मात्र साखळी मध्येच तुटते तेव्हा लागते. हेक्टर गार्सिया-मोलिना आणि केनेथ सेलम यांनी १९८७ मध्ये मांडलेल्या ‘सागा’ या पद्धतीत लांबलचक व्यवहाराचे लहान तुकडे करून प्रत्येकाला त्याचा परिणाम निस्तरणारी भरपाईची क्रिया जोडलेली असते. कीर्दीतली चूक न खोडता उलट नोंद करावी, तसेच हे आहे. पैशाच्या बाबतीत ही रीत चोख चालते, पण वाटेत भिजलेल्या पैठणीला उलट नोंद नाही, आणि तिचा भुर्दंड विणकराने सोसावा, वाहतूकदाराने की ॲपने, हे कोणतीही संदेश-नियमावली एकटी ठरवू शकत नाही. जोडणीच्या वेगावर विपुल लेखन झाले असताना या प्रश्नाची उपेक्षा व्हावी, हे परिषदेच्या स्वागत समितीला अन्यायाचे वाटते. म्हणून रद्द झालेल्या ऑर्डरी आणि परत आलेला माल यांवरील निबंधांना पहिले सत्र दिले आहे, आणि त्यात विधिज्ञांच्या जोडीने लहान विक्रेत्यांनाही बोलण्यासाठी आग्रहाने पाचारण केले आहे.