बुधवारचें गाणें आणि शुक्रवारचें गाणें

वाईच्या घाटावर दिवेलागण झाली, ढोल्या गणपतीच्या देवळांतील आरती आटोपली, म्हणजे एके काळीं दर बुधवारीं आळीआळींतून एक निराळीच लगबग सुरू होई. ज्या घरीं रेडिओ असे त्या घरच्या ओसरीवर शेजारचीं मुलें येऊन बसत. यंत्र तापावयास थोडा वेळ लागे. मग खरखर, शिट्या, कोणत्या तरी परक्या भाषेंतील बोलणें, आणि त्यांतून वाट काढीत आठाच्या सुमारास कोलंबोचा आवाज येई. हा कार्यक्रम म्हणजे 'बिनाका गीतमाला'. तो ३ डिसेंबर १९५२ रोजीं, बुधवारींच, रेडिओ सिलोनवर सुरू झाला. आरंभीं तो अर्ध्या तासाचा होता. सात गाणीं वाजवावयाचीं, श्रोत्यांनीं त्यांचा क्रम लावून पाठवावयाचा, आणि बक्षीस शंभर रुपये! पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रें आलीं, असें निवेदक अमीन सयानी पुढें सांगत असत. १९५४ सालापासून कार्यक्रम तासाचा झाला, आणि लोकप्रियतेप्रमाणें सोळा गाण्यांची क्रमवार यादी दर आठवड्यास वाजूं लागली.

या गाण्यांचा प्रवास मोठा विलक्षण होता. तीं मुंबईंत तयार होत. निवेदनहि मुंबईंतच होई. त्या ध्वनिफिती विमानानें कोलंबोस जात, आणि तेथून लघुलहरींवर स्वार होऊन गाणीं परत भारतांत येत. वाईहून मुंबई दीडशें मैलांच्या आंतबाहेर. पण मुंबईचें गाणें वाईस पोहोंचावें तें समुद्रापलीकडील बेटाला वळसा घालून. याचें कारण दिल्लींत होतें. नभोवाणीखात्याचे मंत्री डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मूळचे पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे अभिमानी. चित्रपटगीतांनीं लोकांची रुचि बिघडते असें त्यांचें मत होतें. १९५२ सालीं ऑल इंडिया रेडिओवर त्या गीतांना कात्री लागली, निर्मात्यांशीं तंटा झाला, आणि तीं गाणीं तेथून जवळ जवळ नाहींशीं झालीं. केसकरांनीं गवई मंडळींस नभोवाणीवर जो मान आणि जी चाकरी मिळवून दिली, ती थोर गोष्ट होय. परंतु कान वळवावयाचे तर श्रोता समोर बसलेला असावा लागतो. येथें श्रोता उठून शेजारच्या घरीं गेला. १९५७ च्या ३ ऑक्टोबरला 'विविध भारती' सुरू झाली, तेव्हां सरकारनें हा पराभव न बोलतां मान्य केला.

गाण्यांना क्रमांक देण्याची कल्पना त्याच सुमारास विलायतेंतहि रुजली. १४ नोव्हेंबर १९५२ रोजीं, म्हणजे गीतमालेच्या आधीं अवघे एकोणीस दिवस, लंडनच्या 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस' या साप्ताहिकानें वीसेक दुकानांना टेलिफोन करून कोणत्या तबकड्या खपल्या तें विचारलें आणि पहिल्या बारांची यादी छापली. अमेरिकेंत 'बिलबोर्ड'नें हा उद्योग १९४० पासूनच आरंभिला होता. गीतमालेंतहि दुकानांचे आकडे मागवीत. पण माल संपला म्हणजे मागणी असूनहि खप दिसत नाहीं, म्हणून श्रोत्यांच्या संघांचीं मतेंहि त्यांत मिळवीत.

तथापि या कार्यक्रमाची सर्वांत मोलाची गोष्ट क्रमांकांत नव्हती. ती वाजविण्याच्या रीतींत होती. यादी उलटी वाचली जाई. सोळावें गाणें आधीं, पहिलें अखेरीस. नवें गाणें बहुधा खालच्या पायरीवरच प्रवेश करी. सयानी पायरीला 'पायदान' म्हणत, आणि तो शब्द घरोघरीं झाला. ज्याला आपलें आवडतें गाणें ऐकावयाचें असे, त्याला आधीं या अनोळखी पाहुण्यांचें ऐकून घ्यावें लागे. गाणें मध्येंच पुढें ढकलण्याची सोय यंत्रांत नव्हती, आणि कंटाळून उठावें तर ओसरीवरची जागा जाई! त्यामुळें पहिल्या बुधवारीं नाक मुरडून ऐकलेलें गाणें दुसऱ्या बुधवारीं निमूटपणें ऐकलें जाई, आणि तिसऱ्या बुधवारीं पाणी भरतां भरतां ओठांवर येई.

घरांतील वडील माणसांना हा प्रकार फारसा रुचत नसे. परंतु परकें म्हणून हिणवावें तर चाल आणि गळा दोन्ही घरचींच निघत. १९५३ च्या 'अनारकली'चे संगीतकार सी. रामचंद्र म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. आणि त्यांतील गाणीं गाणाऱ्या लता मंगेशकर यांचें बालपण सांगलींत गेलेलें.

यादीचा दोषहि येथेंच सांगितला पाहिजे. कांहीं गाणीं तिसऱ्या बुधवारपूर्वींच यादींतून पडत, आणि तीं सगळींच टाकाऊ नसत. एखादी वळणावळणाची चाल तीन आठवड्यांत कानांत बसत नाहीं. तोंवर सोपी चाल जागा पटकावते. पहिल्या सहामाहींत मागें पडलेला विद्यार्थी वार्षिक परीक्षेंत पुढें येतो, हा शाळांचा नेहमींचा अनुभव आहे. पण त्यासाठीं त्याचें नांव पटावर राहावें लागतें.

बुधवार असा चालला असतां वाईच्या त्याच ओसऱ्यांवर शुक्रवार आला. १ एप्रिल १९५५ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, सकाळीं पावणेनऊ वाजतां पुणें केंद्रावरून गीतरामायणाचें पहिलें गीत प्रक्षेपित झालें. शब्द आटपाडीजवळच्या शेटफळ्यास जन्मलेल्या ग. दि. माडगूळकरांचे, चाल सुधीर फडक्यांची. दर आठवड्यास एक नवें गीत. शुक्रवारीं वाजलेलें गीत शनिवारीं आणि रविवारीं पुन्हा वाजे. ज्या ओळखीस बुधवारच्या गाण्याला तीन आठवडे लागत, ती शुक्रवारच्या गीताला तीन सकाळींत मिळे. येथें पायऱ्या नव्हत्या. विसावें गीत एकोणिसाव्यावर मात करूं शकत नव्हतें, कारण एकोणिसाव्यावांचून विसाव्याला अर्थच नव्हता. योजना बावन्न गीतांची होती. त्या वर्षीं अधिक मास आल्यानें गीतें छपन्न झालीं, आणि कथा पुढच्या रामनवमीपर्यंत पोहोंचली. कोणीं रेडिओला हार घातले, कोणीं उदबत्ती लावली, असें त्या काळचीं माणसें सांगत. ज्या वडील मंडळींस बुधवार नकोसा वाटे, तींच शुक्रवारीं यंत्रापाशीं सर्वांत आधीं येऊन बसलीं असल्यास नवल नाहीं.

असें असलें तरी बुधवारला सर्वस्वीं हिणकस ठरविणें अन्यायाचें होईल. शुक्रवारीं श्रोत्याला मत नव्हतें, बुधवारीं होतें. तीन पैशांचें असो वा पांच पैशांचें, एक पोस्टकार्ड टाकून वाईचा मुलगा सांगूं शके कीं, मला हें आवडलें. त्याला असें विचारणारें त्या काळीं दुसरें होतें तरी कोण?

गीतमाला १९८९ सालीं विविध भारतीवर आली आणि पुढें बंद पडली. अमीन सयानी २० फेब्रुवारी २०२४ रोजीं निवर्तले. शुक्रवार मात्र निराळ्याच रूपानें परत आला आहे. १० जुलै २०१५ पासून जगांतील अनेक देशांनीं नव्या ध्वनिमुद्रिका शुक्रवारींच प्रसिद्ध करण्याचें ठरविलें. आतां यादी एकेका गाण्याची नव्हे, तर आठ-दहा गाण्यांच्या संचाचीहि असते. त्याला अल्बम म्हणतात. तबकडी विकत घेणारे उरले थोडे, म्हणून डिसेंबर २०१४ मध्यें 'बिलबोर्ड'नें हिशेब बसविला कीं, संचांतील गाणीं मिळून १,५०० वेळां ऐकलीं गेलीं तर एक संच विकला असें समजावें. पुढें हा हिशेब बदलत गेला. आणि 'ऐकलें' म्हणजे किती? साधारणपणें तीस सेकंद! तेवढ्यांत मुखडा जेमतेम संपतो. अंतरा पुढें असतो, आणि चालीचें खरें वळण बहुधा अंतऱ्यांतच असतें.

समजा, आज वाईंतील एखाद्या मुलीनें शुक्रवारीं रात्रीं हातांतील टेलिफोनवर अशी यादी उघडली, आणि त्या आठवड्यांत नव्यानें आलेले दहा संच तळापासून वर, एकहि गाणें न गाळतां ऐकावयाचें ठरविलें. चाळीस मिनिटांचा एक संच धरला तर सहा तास चाळीस मिनिटें होतात. एका बैठकीस तें जमावयाचें नाहीं. दर रात्रीं एक याप्रमाणें पुढचा शुक्रवार येईतों सात होतील आणि तीन राहतील. ते तीन यादींतून गळाले तरी रविवारीं सवडीनें शोधून ऐकतां येतील. १९५४ सालीं सोळाव्या पायदानावरून गेलेल्या गाण्याची वाईच्या ओसरीवर पुन्हा केव्हां गांठ पडेल, हें कोणालाच सांगतां येत नसे.