मंडईच्या दारावरचा शेतकरी

बोरीबंदराहून उत्तरेकडे चालूं लागलें कीं थोड्याच वेळांत उंच मनोऱ्याची एक दगडी इमारत समोर येते. जुनीं माणसें तिला क्राफर्ड मार्केट म्हणतात. स्वातंत्र्योत्तर काळांत तिला महात्मा जोतीबा फुले मंडई हें नांव मिळालें. हजारों माणसें तिच्या दारांतून रोज घाईनें आंत जातात. मान वर करून दाराकडे पाहणारीं मात्र थोडीं. आज आपण तें दार पाहूं.

ही मंडई १८६९ सालीं पुरी झाली. आर्थर क्राफर्ड हे मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर. त्यांचें नांव तिला दिलें गेलें. आराखडा विल्यम इमर्सन ह्या तरुण वास्तुविशारदाचा. कलकत्त्याचें व्हिक्टोरिया मेमोरियलही पुढें त्यानेंच योजिलें. तें संगमरवरांत, राणीच्या स्मरणार्थ. हें भाजीच्या पाटीसाठीं. परंतु पाटीसाठींही त्यानें हात आखडला नाहीं. भिंती कुर्ल्याच्या पिवळसर, खडबडीत दगडाच्या. त्यांना उठाव वसईच्या तांबड्या दगडाचा. बाहेरून पाहावें तर वळण युरोपांतील जुन्या नॉर्मन व फ्लेमिश इमारतींचें. आंत शिरावें तर लोखंडी छप्पर आणि वरून झिरपणारा उजेड. भाजी उन्हानें सुकूं नये आणि कोंदट हवेनें कुजूं नये, ही गरज त्या उंचीनें भागते. पायांखालच्या फरशा थेट स्कॉटलंडांतील केथनेसच्या.

आतां दार. कमानींवर भारतीय शेतकऱ्यांचीं उठावाचीं चित्रें कोरलेलीं आहेत. तीं लॉकवुड किपलिंग ह्यांच्या कल्पनेंतून उतरलीं. हे जवळच्याच सर जे. जे. कलाशाळेंतील शिक्षक आणि लेखक रड्यार्ड किपलिंगचे वडील. जेथें राजे किंवा देवदूत कोरावयाचे, तेथें त्यांनीं मळ्यांतला माणूस बसविला.

मी शाळेंत असतांना एका वैशाखांत वडिलांबरोबर तेथें गेलों होतों. आमच्या हापूसच्या पेट्या कोंकणांतून आल्या होत्या. दलाल आणि गिऱ्हाईक ह्यांनीं एका रुमालाखालीं हात घातले, बोटें दाबलीं, मान हलविली, सौदा झाला. आंबे आमचे, पण भाव आम्हांलाच सर्वांत शेवटीं कळला. बाहेर पडतांना मीं वडिलांना वरचीं चित्रें दाखविलीं. "चांगलीं आहेत," ते म्हणाले, आणि पिशवी ह्या हातांतून त्या हातांत घेतली.

पुढें शाळेंत इतिहास शिकवितांना तो प्रसंग मला अनेकदां आठवे. मंडई उभी राहिल्यानंतर चौदा वर्षांनीं, १८८३ सालीं, जोतीरावांनीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. दगडांतला शेतकरी धष्टपुष्ट होता. पुस्तकांतला कर्जानें आणि अज्ञानानें वांकलेला. आज त्याच ग्रंथकाराचें नांव त्या दारास आहे, म्हणून तीं चित्रें आतां नुसती शोभा राहिलीं नाहींत. घाऊक बाजार १९९६ सालीं नवी मुंबईस गेला. येथें राहिला तो मुख्यतः किरकोळ व्यापार. तरी दारावरचीं माणसें तेथेंच आहेत.

आपण घरच्या मुलांना ती मंडई दाखवावयास न्याल, तेव्हां दगड कोठला, कमान कसली, हें अवश्य सांगा. मग त्यांना एवढें विचारा, कीं दारावर ज्याला बसविलें, त्याला आंत भाव कोणी आणि कसा सांगितला? उत्तर शोधण्यास त्यांना कांहीं वर्षें लागतील. मला लागलीं.