पाच खेळाडू आणि एक अलिखित नियम
(वार्षिक स्नेहमेळाव्यातील भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत आमच्या नावापुढे 'बास्केटबॉल' हा शब्द वाचून काही ज्येष्ठांच्या भुवया उंचावल्या असतील. आयर्लंडमध्ये आपली सभा भरली की भारतीय संविधानातील मार्गदर्शक तत्त्वे आयरिश राज्यघटनेवरून घेतली गेली, याचा उल्लेख झाल्यावाचून राहत नाही. तो उल्लेख आम्ही येथेच उरकून घेतो आणि विषयाकडे वळतो.

या देशातील शाळांत बास्केटबॉल आवडीने खेळला जातो, मुलींमध्ये तर विशेष. आपल्या कित्येक घरांतील मुले शनिवारी सकाळी कुठल्या ना कुठल्या शाळेच्या क्रीडागृहात असतात. आपण पालक त्यांना मोटारीतून नेतो, भिंतीला टेकून उभे राहतो आणि खेळ पुरता समजत नसला तरी टाळ्या वाजवितो. गावाकडे कबड्डी खेळून वाढलेल्या आमच्या पिढीला या खेळाचा इतिहास ठाऊक नसावा, हे स्वाभाविक आहे. परंतु तो ठाऊक करून घेण्याजोगा आहे.

१९८० च्या दशकात आयर्लंडमध्ये या खेळाला मोठा बहर आला होता. क्लबांना अमेरिकेतून खेळाडू आणण्याची मुभा होती आणि आलेल्यांपैकी बरेच जण कृष्णवर्णीय होते. कॉर्कमध्ये १९८५ साली नेपच्यून क्लबचे स्टेडियम उभे राहिले. किलार्नीसारख्या लहान गावाच्या संघातून त्याच दशकात मारिओ एली नावाचा न्यूयॉर्कचा तरुण खेळून गेला. तोच पुढे ह्यूस्टनच्या संघातून १९९४ व १९९५ साली आणि सॅन अँटोनिओच्या संघातून १९९९ साली अमेरिकेच्या व्यावसायिक स्पर्धेचा विजेता ठरला. केरी परगण्यातील माणसांनी अशा खेळाडूंना डोक्यावर घेतले. मात्र त्यांच्या आधीच्या पिढीला स्वदेशातीलच अनेक विद्यापीठांच्या संघांची दारे बंद होती. त्या बंद दारांची आणि ती ज्या मोसमात हादरली त्या १९६५-६६ च्या मोसमाची हकीकत आज सांगावयाची आहे.

बास्केटबॉलमध्ये एका वेळी मैदानावर एका बाजूचे पाचच खेळाडू असतात. ही संख्या लक्षात ठेवावी, कारण सारा वाद तिच्याभोवती आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील बड्या विद्यापीठांत त्या काळी कृष्णवर्णीय खेळाडूला संघात जागाच नव्हती. इतरत्र जागा होती, पण मोजून मापून. प्रशिक्षकांमध्ये एक नियम थट्टेच्या सुरात सांगितला जाई: घरच्या मैदानावर दोन काळे खेळवावेत, परगावी तीन, आणि संघ हरू लागला तर चार. हा नियम कोणत्याही पुस्तकात लिहिलेला नव्हता. जातीचे नियम तरी भाड्याच्या घराच्या करारनाम्यात कोठे लिहिलेले असतात!

राखीव जागांवरून टोमणे ऐकण्याची आपल्याला सवय आहे. येथेही भारतीय मंडळींच्या स्नेहभोजनात जेवणाची ताटे हातात आली की 'मेरिट'चा विषय निघतो, आणि आपली मुले मान खाली घालून ऐकतात. त्या मुलांनी हे नीट ऐकावे. पाचांपैकी किमान एक जागा गोऱ्यासाठी राखून ठेवणे हे आरक्षणच होते. फक्त ते ज्यांच्या सोयीचे होते, त्यांनी त्याला कधी त्या नावाने हाक मारली नाही.

या नियमामागची समजूत त्याहून वाईट होती. काळा खेळाडू उंच उडी मारील, वेगाने धावेल, परंतु कसोटीच्या क्षणी त्याचे डोके ठिकाणावर राहणार नाही. म्हणून मैदानावर निदान एक गोरा हवा, जो इतरांना सांभाळील, अशी ती समजूत होती. हातपाय तुमचे चालतील, डोके आमचे हवे!

हे वाचले तेव्हा आम्हांला पळवणकर बाळू आठवले. पुण्यात गोऱ्या साहेबांना सराव मिळावा म्हणून ते तासन्‌तास गोलंदाजी करीत, पण बॅट त्यांच्या हाती दिली जात नसे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. तरीही हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद त्यांना रीतसर कधी मिळाले नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांच्याकडे आले. (बाळू १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसतर्फे बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले व पराभूत झाले, हे आम्ही विसरलेलो नाही. त्याने त्यांचे बळी कमी होत नाहीत.) चेंडू टाकणारा हात चालत होता, संघाला आज्ञा देणारे तोंड चालत नव्हते.

आता टेक्ससकडे वळू. मेक्सिकोच्या सीमेवर, रिओ ग्रांदे नदीच्या काठी एल पासो हे शहर आहे. तेथे १९१४ साली खाणकामाचे शिक्षण देणारी संस्था स्थापन झाली आणि तिचे पुढे टेक्सस वेस्टर्न कॉलेज झाले. या महाविद्यालयाच्या इमारती भूतानमधील बौद्ध वास्तूंच्या धर्तीवर बांधलेल्या आहेत. तेथील अधिष्ठात्यांच्या पत्नीने 'नॅशनल जिओग्राफिक' मासिकात भूतानची छायाचित्रे पाहिली आणि डोंगराळ वाळवंटात तशीच उतरत्या भिंतींची बांधणी सुचविली. विषयाशी याचा संबंध नाही, पण आपल्या सभेत हे सांगितल्यावाचून आम्हांला राहवले नाही.

या महाविद्यालयाने १९५६ सालीच चार्ली ब्राऊन या कृष्णवर्णीय खेळाडूला संघात घेतले होते. प्रशिक्षक डॉन हॅस्किन्स १९६१ साली तेथे आले. १९६५-६६ च्या त्यांच्या संघात बारा खेळाडू होते: सात कृष्णवर्णीय, चार गोरे व एक मेक्सिकन वंशाचा. सातांपैकी बॉबी जो हिल डेट्रॉईटकडचा. ऑर्स्टन आर्टिस व हॅरी फ्लोरनॉय हे गॅरी या पोलादाच्या गावचे. विली वर्सली, नेव्हिल शेड व विली केजर न्यूयॉर्कचे. आणि डेव्हिड लॅटिन ह्यूस्टनचा. ज्या गावी आपले कोणी नाही अशा दूरच्या गावी, शिक्षण आणि खेळ या दोन शिदोऱ्यांवर ही पोरे आली होती. आपल्यापैकी अनेकांना ते एकटेपण निराळे सांगावयास नको.

मोसमातील पहिले तेवीस सामने त्यांनी ओळीने जिंकले. चोविसावा सामना सिॲटल येथे अवघ्या दोन गुणांनी गेला. मग राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. ओक्लाहोमा सिटीला त्यांनी सहज हरविले. सिनसिनाटीविरुद्ध जादा वेळ खेळावा लागला आणि ७८-७६ असा निसटता विजय मिळाला. कॅन्ससविरुद्ध तर जादा वेळ दोनदा द्यावा लागला. पहिल्या जादा वेळाच्या अखेरीस कॅन्ससच्या जो जो व्हाईटने टाकलेला चेंडू टोपलीत गेला. पण त्याची टाच सीमारेषेवर होती, असा पंचाने निर्णय दिला. शेवटी ८१-८० असा एका गुणाने विजय मिळाला. एका टाचेवर इतिहास थांबला होता. उपांत्य सामन्यात यूटाचा ८५-७८ असा पराभव झाला.

अंतिम सामना १९ मार्च १९६६ रोजी मेरीलँड विद्यापीठाच्या क्रीडागृहात झाला. समोर केंटकी विद्यापीठ होते: देशात पहिल्या क्रमांकाचा संघ, चार वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारे प्रशिक्षक ॲडॉल्फ रप, आणि सर्व खेळाडू गोरे. हॅस्किन्स यांनी सुरुवातीला पाचही कृष्णवर्णीय खेळाडू उतरविले. अंतिम सामन्यात असे पूर्वी कधी घडले नव्हते. पुढे सामनाभर ते सात जणच आलटूनपालटून खेळले. केंटकीचे खेळाडू चपळ होते म्हणून हॅस्किन्स यांनी उंच शेडऐवजी साडेपाच फुटांच्या वर्सलीला सुरुवातीच्या पाचांत घेतले. पूर्वार्धात हिलने काही सेकंदांच्या अंतराने लागोपाठ दोनदा प्रतिपक्षाच्या हातातून चेंडू हिरावून गुण केले. मध्यंतराला ३४-३१ आणि अखेरीस ७२-६५ अशी टेक्सस वेस्टर्नची सरशी झाली.

हे आकडे कोणत्याही पुस्तकात सापडतात. आम्हांला त्यातील एक निराळाच आकडा महत्त्वाचा वाटतो. चालू खेळात केंटकीने सत्तावीस वेळा चेंडू टोपलीत टाकला, टेक्सस वेस्टर्नने केवळ बावीस वेळा. म्हणजे धावपळीच्या खेळात केंटकीच पुढे होते. सामना फिरला तो फ्री थ्रोवर. प्रतिपक्षाने नियमभंग केला की खेळ थांबतो आणि खेळाडूला रेषेवरून एकट्याने चेंडू टाकावयाचा असतो. आडवावयास कोणी नसते, मदतीलाही कोणी नसते. सारे क्रीडागृह त्याच्याकडे पाहत असते. तेथे उडी कामाची नसते, धाव कामाची नसते. श्वास आणि मन स्थिर ठेवावे लागते. ज्यांचे डोके ठिकाणावर राहत नाही असे सांगितले जात होते, त्यांनी तेथे चौतीसपैकी अठ्ठावीस वेळा चेंडू टोपलीत टाकला.

या विजयाचे स्वागत सर्वत्र झाले असेल, अशी कोणाची समजूत असल्यास ती दूर करावी. हॅस्किन्स यांच्याकडे द्वेषाने भरलेल्या पत्रांचा ढीग लागला. काही काळ हा विजयच नकोसा झाला होता, असे त्यांनी पुढे सांगितले. दुसरी टीका अधिक विचार करण्याजोगी होती. १९६८ साली 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड' साप्ताहिकाने कृष्णवर्णीय खेळाडूंच्या स्थितीवर लेखमाला छापली. महाविद्यालये या मुलांना खेळापुरते वापरतात आणि त्यांच्या शिक्षणाची फिकीर करीत नाहीत, असा तिचा आरोप होता, आणि टेक्सस वेस्टर्नचे नाव त्यात ठळकपणे होते. प्रशिक्षकांना ते अन्यायाचे वाटले. त्या सात जणांपैकी केजरने एल पासोतच शिक्षकाचे काम केले, आर्टिस गॅरीच्या पोलीस खात्यात गुप्तहेर झाला, शेडने सॅन अँटोनिओच्या विद्यापीठात अनेक वर्षे नोकरी केली. तेव्हा या संघापुरती ती टीका एकांगी होती, असे आम्हांला वाटते. पण प्रश्न योग्य होता. चषक कपाटात राहतो. मुलाच्या हाती काय आले, हे पालकांनी विचारलेच पाहिजे.

याच संदर्भात एका माणसाविषयी थोडे विस्ताराने सांगतो. केंटकी ज्या दक्षिणेकडील विद्यापीठांच्या गटात खेळत असे, त्या गटात बास्केटबॉल खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू म्हणजे नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाचा पेरी वॉलेस. १९६७ मध्ये तो मुख्य संघातून खेळू लागला. मिसिसिपी राज्यातील क्रीडागृहांत प्रेक्षकांनी त्याला दिलेल्या शिव्या येथे उच्चारण्याजोग्या नाहीत. मैदानावरचे एक वेळ सोसता येते. परंतु विद्यापीठाजवळच्या एका चर्चमध्येही त्याला पुन्हा येऊ नकोस, असे सांगण्यात आले. त्याने चार वर्षे काढली आणि १९७० साली अभियांत्रिकीची पदवी घेतली. शेवटचा सामना झाल्यावर त्याने आपण काय सोसले ते वर्तमानपत्राला स्पष्टपणे सांगितले आणि ते शहर सोडले. पुढे तो कायदा शिकला, तोही कोलंबिया विद्यापीठात, आणि अखेर कायद्याचा प्राध्यापक झाला. कोलंबियाचे नाव ऐकताच या सभागृहात जे चेहरे उजळले, ते आम्ही येथून पाहत आहोत. व्हँडरबिल्टने त्याचा सदरा सन्मानपूर्वक जतन केला तो २००४ साली.

केंटकीने कृष्णवर्णीय खेळाडू घेतला तो १९६९ साली. १९६७ साली टोपलीत वरून चेंडू आदळण्यास महाविद्यालयीन खेळात बंदी घालण्यात आली आणि ती १९७६ पर्यंत टिकली. त्यामागील हेतूविषयी मतभेद आहेत. मात्र लॅटिनने अंतिम सामन्याच्या आरंभी केंटकीसमोर तेच केले होते, एवढे आम्ही नमूद करतो.

२००६ साली या मोसमावर 'ग्लोरी रोड' हा चित्रपट निघाला. मुलांनी तो पाहावा. पण त्यात गोरा प्रशिक्षक येतो आणि एकाच वर्षात चमत्कार घडवितो, असे दाखविले आहे. हॅस्किन्स तेथे पाच वर्षे होते आणि त्यांच्या आधीपासून त्या संघात कृष्णवर्णीय खेळाडू होते. उद्धारकर्ता बाहेरून आला, ही कथा सांगणाऱ्यांना सोयीची असते. आपल्याला ती परिचित आहे. स्वतः हॅस्किन्स यांनी असा आव आणला नाही. आपण इतिहास घडविण्यास निघालो नव्हतो, उत्तम पाच खेळाडू खेळविले, असेच ते २००८ साली निधन होईपर्यंत सांगत राहिले. २००७ साली त्या संपूर्ण संघाला बास्केटबॉलच्या सन्मानदालनात स्थान मिळाले. ते पाहण्यास बॉबी जो हिल नव्हता. २००२ सालीच त्याचे निधन झाले होते.

मघाच्या 'मेरिट'च्या चर्चेत आपल्या मुलांना उपयोगी पडेल अशी एक माहिती या देशाविषयीही देतो. येथे लीव्हिंग सर्टच्या गुणांवर महाविद्यालयातील प्रवेश ठरतो, हे खरे. पण सामाजिक व आर्थिक अडचणींतून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी 'हिअर' नावाच्या योजनेत काही जागा कमी गुणांवर दिल्या जातात, आणि त्यामुळे येथील विद्यापीठांचा दर्जा खालावला अशी ओरड आमच्या कानी आलेली नाही.

त्या अंतिम सामन्याचे कृष्णधवल चित्रण आज पाहावयास मिळते. मुलांनो, मोठ्या माणसांना शेजारी बसवून ते पाहा आणि त्यांना नियम समजावून सांगा. त्यांना गरज आहे. हिलने चेंडू हिरावले ते क्षण तुम्ही पुन्हा पुन्हा पाहालच. पण फ्री थ्रोच्या वेळी पडद्यासमोरून उठू नका. खेळ थांबलेला असतो, चेंडू हातात असतो, आणि तो खेळाडू घाई करीत नाही.

जयभीम.