सेवेचा जमाखर्च आणि शब्दाची जबाबदारी

समाजात ज्याच्याविषयी आदर आहे अशा धर्मोपदेशकाच्या तोंडून एखादे अनुचित विधान निघाले की त्याच्या बचावाचा पहिला युक्तिवाद ठरलेला असतो : ‘त्यांचे कार्य पाहा.’ हा युक्तिवाद केवळ भाविकांचा असतो असे मानण्याचे कारण नाही. दारूबंदीच्या आंदोलनात ज्यांच्या खांद्याला खांदा लावून काम करायचे, त्यांच्याविरुद्ध बोलावे कसे, हा संकोच पुरोगामी कार्यकर्त्यांच्या मनातही असतो. म्हणून त्याचा विचार शांतपणे केला पाहिजे.

उदाहरण घरचेच आहे. निवृत्ती महाराज देशमुख, म्हणजे इंदुरीकर महाराज, यांच्या कीर्तनातील एक विधान २०२० च्या फेब्रुवारीत गाजले. सम तिथीला स्त्रीसंग झाल्यास मुलगा होतो आणि विषम तिथीला झाल्यास मुलगी, असा त्याचा आशय होता. टीका होताच महाराजांनी दिलगिरी व्यक्त केली. त्याच पत्रकात त्यांनी आपल्या अनेक वर्षांच्या कीर्तनसेवेचा आणि प्रबोधनाचा दाखलाही दिला. अनुयायांनी तोच धागा पुढे नेला. व्यसनांवर आणि कर्ज काढून केलेल्या लग्नाच्या थाटावर महाराज सातत्याने बोलतात, गरीब मुलांसाठी शाळा चालवतात. मग एका वाक्यासाठी त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात का उभे करता?

यातील पूर्वार्ध मान्य केलाच पाहिजे. शेतकरी कुटुंबाला लग्नाचे कर्ज कसे बुडवते हे अर्थशास्त्राच्या ग्रंथांनी जेवढ्या लोकांना सांगितले, त्याच्या कितीतरी पट लोकांना ते कीर्तनाने सांगितले. शहरातील काही टीकाकारांनी या प्रकरणात महाराजांच्या ग्रामीण बोलीचीच टवाळी केली. ती निखालस चूक होती. तिने वादाचा रोख भलतीकडे वळवला आणि बचाव करणाऱ्यांचे काम सोपे केले.

परंतु चांगले काम जमेला धरून वाईट शब्द वजा करायचा, या हिशेबात मूलभूत दोष आहे. ज्या तरुणाने कीर्तन ऐकून दारू सोडली, ज्या बापाने मुलीच्या लग्नासाठी जमीन गहाण टाकली नाही, त्यांच्या घरी जमेची नोंद झाली. नुकसान मात्र दुसऱ्याच घरी होते. दोन मुलींच्या पाठीवर पुन्हा दिवस गेलेली सून, तिला तिथीचा जाब विचारणारी सासू आणि पोटातला अजून लिंग न कळलेला जीव, यांच्या खात्यावर ती रक्कम नावे पडते. एकाच्या जमेतून दुसऱ्याचे देणे परस्पर वळते करून घेण्याचा अधिकार अनुयायांना कोणी दिला? क्षमा करायची असेल तर ती त्या सुनेने करायची आहे, आणि तिला कोणीही विचारलेले नाही.

हे देणे किती मोठे आहे, हे जनगणना सांगते. सहा वर्षांपर्यंतच्या बालकांत दर हजार मुलांमागे महाराष्ट्रात १९९१ साली ९४६ मुली होत्या, २००१ साली ९१३, तर २०११ साली ८९४. महाराजांचा स्वतःचा जिल्हा, म्हणजे तेव्हाचा अहमदनगर आणि आताचा अहिल्यानगर, २०११ साली ८५२ वर होता. शेजारचा बीड ८०७ वर. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा देशातील पहिला कायदा १९८८ साली याच राज्याने केला, आणि तो स्त्री-संघटनांनी व काही डॉक्टरांनी चालवलेल्या चळवळीचे फळ होता. पुढे १९९४ साली केंद्राचा कायदा आला. २००३ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीनंतर त्या कायद्याने लिंगनिवडीची जाहिरात, मग ती शास्त्रीय मार्गाची असो वा अन्य कोणत्याही, निषिद्ध केली. ‘अन्य कोणत्याही’ हे शब्द कायद्यात विनाकारण आलेले नाहीत. जिथे मुलगी नको आहे, तिथे सोनोग्राफीच्या आधी तिथीच पाहिली जाते.

अपत्याचे लिंग पित्याच्या बीजातील गुणसूत्राने ठरते, पंचांगाने नव्हे. समर्थकांनी ग्रंथाधार पुढे केल्याने त्यात फरक पडत नाही. खटल्याचा निकाल न्यायालये देतील. संगमनेरच्या सत्र न्यायालयाने २०२१ साली रद्द केलेली कारवाई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जून २०२३ मध्ये पुन्हा खुली केली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप करण्यास नकार दिला. गुन्हा सिद्ध झाला वा न झाला, तरी नैतिक प्रश्न उरतोच.

तो प्रश्न सेवेमुळे हलका होत नाही, उलट जड होतो. हेच वाक्य पारावर बसलेल्या कोणा रिकामटेकड्याने उच्चारले असते तर लोक हसले असते. नारदाच्या गादीवरून ते उच्चारले गेले म्हणून लोकांनी ऐकून घेतले. कीर्तनात श्रोत्याला मध्येच उठून शंका विचारता येत नाही. वर्षानुवर्षांच्या सेवेतून मिळवलेला विश्वास हेच वक्त्याचे भांडवल असते, आणि चुकीचा शब्दही त्याच भांडवलावर गावोगाव पोहोचतो. गाडगेबाबांनीही धर्मशाळा बांधल्या, शाळांसाठी खटपट केली. पण कीर्तनात ते लोकांनाच प्रश्न विचारीत, आणि पशुबळीविरुद्ध बोलताना आपल्या धर्मशाळांचा आधार त्यांना घ्यावा लागला नाही.

दुखावलेल्या मनांची क्षमा मागणे योग्यच होते. तथापि, तिथीचे गणित खोटे आहे हे त्याच गादीवरून, तितक्याच खणखणीत आवाजात वारंवार सांगितल्याखेरीज लोकांनी ऐकलेले पुसले जात नाही. कार्यकर्त्यांनी मागायचे ते एवढेच. त्यासाठी शाळेला नावे ठेवण्याची गरज नाही की दारूबंदीच्या सभेतून उठून जाण्याची.

हे मागण्याची जागा मुंबईतील परिसंवाद नव्हे. गावात हरिनाम सप्ताहाची बैठक भरते, कोणाचे कीर्तन ठेवायचे ते तिथे ठरते आणि वर्गणीची वहीही तिथेच उघडते. कार्यकर्ता वर्गणी देतो आणि गप्प बसतो. या वेळी बैठकीला जाताना त्याने गावच्या अंगणवाडीतील मुलामुलींची संख्या एका कागदावर लिहून न्यावी आणि वर्गणी देण्यापूर्वी ती मोठ्याने वाचावी.